पाणी न मिळणाऱ्यांची यादी

त्या उन्हाळ्यात लातुरात झाडाला पाणी घालणं हे चारचौघांत करायचं काम राहिलं नव्हतं. लोक पहाटे अंधारात कुंडीवर तांब्या रिकामा करत आणि कुणी पाहिलंच तर "हात धुवायलो" म्हणून सांगत. साल २०१६. आधीचे दोन पावसाळे एकामागोमाग हुलकावणी देऊन गेलेले. शहराला पाणी पुरवणारं धनेगावचं मांजरा धरण आटलेलं. मार्चमध्ये प्रशासनानं पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावली: टाकीपाशी, विहिरीपाशी पाचाहून जास्त माणसांनी एकत्र यायचं नाही. जमावबंदी आम्ही आजवर दंगलीच्या बातम्यांत वाचली होती. आता ती हंड्या-घागरींच्या रांगेला लागली.

आमच्या कॉलनीच्या मधोमध एक ओपन स्पेस आहे. प्लॉट पाडताना नकाशावर हिरवी खूण केलेली आणि पुढे सगळे विसरून गेलेली जागा. १९९३च्या भूकंपानंतर आसपासची माणसं कित्येक रात्री घरात न जाता इथंच अंथरुणं टाकून झोपली, तेवढीच तिची ख्याती. नंतर कुणी कडुनिंब लावले, कुणी करंज. निवृत्त झालेल्या दोघातिघांनी गुलाबाचे ताटवे केले आणि त्यांना विटांची नक्षीदार किनार केली. घरात कुणी गेलं की त्याच्या नावानं एक रोप आणि रोपापाशी पत्र्याची पाटी, अशी पद्धत पडली. उरलेला एक कोपरा, जिथं घसरगुंडी येणार होती आणि आली नाही, तो लेकरांनी बळकावला. तिथं पालक, कोथिंबीर, टोमॅटो, गवार, दोडका असं काय काय असे. बागेला माळी कधीच नव्हता. सकाळी फिरायला येणारी माणसं, संध्याकाळी खेळायला येणारी लेकरं आणि रविवारी येणारी कॉलेजची चार-सहा पोरं, यांच्यावरच ती चालली होती.

मार्च संपता संपता शेजारच्या गल्लीतल्या एक बाई फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. रात्रभर टँकरची वाट पाहून डोळे लाल झालेले. आठ-आठ दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी दोनशे लिटर मिळायचं, त्यातही आदल्या रात्री तो आला नव्हता. त्यांनी विचारलं, "माणसाला प्यायला नाही अन् तुम्ही झाडाला घालायलाव?"

प्रश्न बरोबरच होता. आमच्यातल्या एका गृहस्थांनी उत्तर म्हणून पर्यावरणावर बोलायला सुरुवात केली: झाडं आहेत म्हणून पाऊस, झाडं आहेत म्हणून ऑक्सिजन. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ऑक्सिजनवर वरण शिजत नाही, काका." शाळेत शिकलेली सगळी वाक्यं तिथं संपली. झाडाचा उपकार सांगून पाण्याचा हक्क मिळवता येत नाही, निदान रात्रभर जागलेल्या माणसाकडून तरी नाही.

तोड लेकरांनी काढली आणि ती तत्त्वज्ञानाची नव्हती, हिशेबाची होती. घरात एकदा कामाला येऊन गेलेलं पाणीच बागेत येईल. टँकरचं नाही, बोअरचं नाही, विकतच्या जारचं तर नाहीच. तुम्ही जे मोरीत ओतणार तेवढंच आम्हाला द्या. बाईंनी थोडा विचार करून विचारलं, "बादली परत मिळंल का?" मिळेल म्हटल्यावर गेल्या. त्यांच्या घरची डाळ-तांदूळ धुतलेली बादली पुढे महिनाभर येत राहिली, आणि बादली वेळेवर परत गेली नाही म्हणून लेकरांना बोलणी बसली ती वेगळीच.

मग रोज सूर्य कलला की लेकरं दारोदार फिरत. कुणी कळशी घेऊन, कुणी रंगाचा रिकामा डबा घेऊन, एक जण तर पाळण्यातल्या भावाचा टब घेऊन यायचा. फाटकाजवळ दोन टिपाडं ठेवली होती. आमच्या टिपाडांभोवती रोज दहा-बारा जणांचा घोळका जमे. जमावबंदीच्या हिशेबानं तो गुन्हाच होता.

टिपाडं दोन असण्याचं कारण होतं. मोरीतून वाहून जाणारं सगळं पाणी एका जातीचं नसतं. डाळ-तांदळाचं आणि भाजी धुतलेलं पाणी अव्वल. ते कोवळ्या रोपांना. अंघोळीचं मधलं, साबण कमी असेल तर चालणारं. ते मोठ्या झाडांच्या आळ्यांत. कपडे धुतलेलं पाणी मात्र घ्यायचं नाही. आमची माती काळी आणि बोअरचं पाणी मुळातच जड. त्यात धुण्याच्या पावडरीतला सोडा पडत राहिला की माती चिकटून घट्ट होते, वर पांढरा खार फुटतो आणि खाली ओल असूनही मुळांना ती ओढता येत नाही. सगळ्यात फसवं पाणी घरोघरच्या फिल्टरच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं. दिसायला नितळ, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच. ते आम्ही पायऱ्या धुवायला परत पाठवलं. लेकरांना हे सगळं दोन-तीन दिवसांत पाठ झालं. घराच्या दारात उभं राहून "काकू, हे कपड्याचं आहे ना? नको," असं तोंडावर सांगायची त्यांना लाज नव्हती. आम्हा मोठ्यांनी ते घेतलं असतं आणि गल्लीच्या वळणावर ओतून दिलं असतं.

मातीचं बाकीचं शिक्षण तात्यांनी दिलं. तात्या कॉलनीतले नव्हेत. औसा तालुक्यातलं शेत दोन वर्षं पिकलं नाही म्हणून ते मुलाकडे राहायला आलेले, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमत नव्हता. पहिल्या दिवशी त्यांनी बाग पाहिली आणि पाण्याबद्दल चकार शब्द न काढता खुरपं मागितलं. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि त्या भेगांतून आतली ओल बाहेर पडत राहते. तात्या म्हणत, दोन कोळपण्या म्हणजे एक पाणी. वरची दोन बोटं माती भुसभुशीत करून भेगा बुजवल्या की खालची ओल अडकून राहते. लेकरांना पाणी घालण्याची हौस. त्यांना आठवडाभर पाण्याला हातही लावू न देता नुसत्या भेगा बुजवायला लावणं हे तात्याच करू जाणोत.

भेगा बुजवून झाल्यावर माती झाकायची होती. त्यासाठी कॉलेजच्या पोरांनी एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून टेम्पोभर पाचट आणलं. उसाची वाळलेली पानं; आळ्यांवर वीतभर थर दिला की माती तापत नाही आणि बाष्प उडत नाही. काम उत्तम झालं. पण तो टेम्पो रिकामा होताना मला राहून राहून हसू येत होतं. राज्यातल्या पिकांखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमीन उसाखाली आणि सिंचनाच्या पाण्यातला सुमारे सत्तर टक्के वाटा उसाचा, हे केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाच्या अहवालातले आकडे त्या दिवसांत जो तो सांगत होता. ज्या पिकानं आमच्या खोऱ्यातलं पाणी प्यायलं, त्याचीच पानं आता आमच्या लिंबाच्या रोपाची ओल राखायला आली होती. तात्यांना हे सांगितलं तर ते चिडले. "माझ्याबी शेतात होता ऊस," ते म्हणाले. "भाव बांधून कशाला मिळतो? तूर बांधून घेतंय का कुणी?" त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

पाण्याची गाडी आली ती एप्रिलच्या १२ तारखेला, पहाटे. मिरजेहून दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. वाघिणी पूर्वी तेल वाहणाऱ्या म्हणून राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुऊन आणल्या होत्या. देशभरच्या कॅमेऱ्यांसमोर आमचं शहर त्या दिवशी उभं राहिलं. लेकरांना स्टेशनवर जायचं होतं, कुणी सोडलं नाही. मग त्यांनी गाडी कागदावर पाहिली. दहा गुणिले पन्नास हजार म्हणजे पाच लाख लिटर. शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेप्रमाणे तीन लाख ब्याऐंशी हजारांवर. भागाकार आला माणशी एक पूर्णांक तीन दशांश लिटर. "म्हणजे एक बाटली अन् वर दोन-चार घोट," सातवीतला एक मुलगा म्हणाला, आणि सगळे गप्प झाले. पुढे आठवड्यानं पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली तेव्हा पुन्हा भागाकार झाला. साडेसहा लिटर. गाडीला नावं ठेवावीत असा हा हिशेब नव्हता. तिनं शहराला धीर दिला हे खरंच आहे. पण बातमीतला आकडा भागून पाहायचा असतो ही सवय लेकरांना त्या गाडीनं लावली आणि ती लवकरच बागेवर उलटली.

कारण एप्रिलच्या मध्यापासून टिपाडं भरेनाशी झाली. लोक कंजूष झाले होते असं नाही. ज्या पाण्याला आम्ही टाकाऊ समजत होतो ते घरात दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा वापरलं जाऊ लागलं. अंघोळीचं पाणी संडासात, भाजीचं पाणी फरशीला, फरशीचं पुन्हा संडासात. बागेच्या वाट्याला येणारं पाणी निम्म्याच्याही खाली आलं. सगळी झाडं जगवता येणार नाहीत हे तात्यांना आधीच माहीत होतं, लेकरांना भागाकारानं कळलं आणि मोठ्यांना सभा घेऊन कळवावं लागलं.

सभा कडुनिंबाखाली झाली. प्रत्येकाला आपलं झाड होतं. गुलाबवाल्या आजोबांना गुलाब, एका काकूंना पारिजातक, दोघांना आपापल्या वडिलांच्या नावाच्या पाट्या असलेली रोपं. कुणीही दुसऱ्याचं झाड सोडा असं म्हणालं नाही, आपलं सोडा असंही म्हणालं नाही. आणि मग मराठी सभांत नेहमी निघतो तो तोडगा निघाला: थोडं थोडं सगळ्यांना. ऐकायला किती न्यायाचं! सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्या हसले. थोडं थोडं सगळ्यांना म्हणजे सगळेच मेले, असं त्यांचं म्हणणं. तापलेल्या मातीवर मगभर पाणी घातलं की वरची दोन बोटं ओली होतात आणि सकाळी नऊच्या आत उडून जातात. मुळांपर्यंत काही पोचतच नाही. उलट त्या वरच्या ओलीच्या आशेनं मुळं वर येतात आणि होरपळतात. द्यायचं तर आळं भरून, खोल जाईल असं, आठवड्यातून एकदा. नाहीतर द्यायचंच नाही. त्या संध्याकाळी मला वाटलं की 'थोडं थोडं सगळ्यांना' हा न्याय नसून निर्णय न घेण्याची सोय आहे. ज्याला पाणी नाकारलं त्याच्याकडे पाहायला लागू नये म्हणून आपण सगळ्यांना पुरणार नाही इतकं देतो, आणि मग उन्हाला दोष देतो.

निर्णय लेकरांवर सोपवला गेला. मोठ्यांनी मोठ्या मनानं सोपवला असं म्हणायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे कुणालाच वाईटपणा नको होता. शाळेतला एक जुना फळा फाटकाला लटकवला होता. त्यावर लेकरांनी आधी पाणी मिळणाऱ्या झाडांची नावं लिहिली. पाचवीतली एक मुलगी, आवाज घोगरा आणि अक्षर मात्र देखणं, तिनं ती पुसून टाकली. "ज्याला मिळतंय ते दिसतंयच की," ती म्हणाली. "ज्याला नाही त्याचं लिहून ठेवावं लागतंय." आणि तिनं पाणी न मिळणाऱ्यांची यादी लिहायला घेतली. नावापुढे कारणही हवं, असा नियम कुणीतरी काढला.

तो कारणांचा रकाना वाचण्यासारखा होता. 'मोठे कडुनिंब, करंज: त्यांचं ते खालून घेतात.' 'शेवगा: त्याला लागत नाही.' 'पालक, कोथिंबीर: बी दहा रुपयाला पुन्हा मिळतं.' 'क्रोटन: खाता येत नाही, सावली पडत नाही, फूल येत नाही.' म्हणजे एकाच यादीत ज्यांचं पाण्यावाचून भागतं तेही होते आणि ज्यांच्यावर पाणी सोडलं तेही, पण दोघांची कारणं वेगळी होती आणि ती कुणीही उभं राहून वाचू शकत होतं. गुलाबापुढे काय लिहावं यावर दोन दिवस वाद झाला. कुणी लिहिलं 'फक्त दिसायला', तर ते वाचून आजोबा दोन दिवस बागेत फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते कात्री घेऊनच. ताटवा अर्ध्याहून खाली छाटला, कारण पानं कमी तर तहान कमी. फळ्यावरचं कारण बदललं: 'छाटले आहेत. नशीब.'

टोमॅटोच्या बाजूनं अपील झालं. एका मुलाचं म्हणणं होतं की फळं धरलेली आहेत, आता सोडणं चूक. विरुद्ध पक्षानं टोमॅटोला आठवड्याला किती पाणी जाईल याचा आकडा मांडला आणि तेवढ्यात लिंबाची किती रोपं जगतील ते सांगितलं. शेवटी हिरवे टोमॅटो तोडून वाटून घेतले आणि झाडं उपटून आळ्यांवर आच्छादन म्हणून टाकली. त्या रात्री कॉलनीतल्या निम्म्या घरांत हिरव्या टोमॅटोची चटणी होती. दाण्याचं कूट घालून ती चांगली लागते. अपील हरलेल्या मुलानं मात्र खाल्ली नाही.

पाणी मिळालं ते दोन-तीन वर्षांच्या रोपांना: बहावा, लिंबू, पारिजातक, कढीपत्ता, चिंच. मोठं झाड आपलं आपण पाहतं, भाजी पुन्हा पेरता येते. मधल्यांची मुळं अजून खोल गेलेली नसतात आणि गेलेली वर्षं मात्र परत पेरता येत नाहीत. हा विचार मी नंतर इतका नीट मांडते आहे. फळ्यावर तो फक्त नावं खोडत खोडत तयार झाला होता. श्री. अ. दाभोळकर मुळात गणिताचे प्राध्यापक, आणि त्यांनी प्रयोग परिवार उभा केला तो साध्या माणसांनी आपल्या वाफ्यात मोजून पाहावं, लिहून ठेवावं, एकमेकांना सांगावं या आग्रहावर. आमच्या लेकरांनी दाभोळकरांचं नावही ऐकलं नव्हतं. पण वही त्यांनीही केली होती. कोणत्या आळ्यात किती मग, आणि सकाळी पान कसं होतं.

सकाळी, हे महत्त्वाचं. दुपारी दोन वाजता दोडक्याची पानं अशी लोंबायची की पाहणाऱ्याच्या पोटात तुटावं, आणि लेकरं मग घेऊन धावायची. तात्यांनी त्यांना अडवलं. दुपारी पान जितकं पाणी हवेत सोडतं तितकं मूळ ओढू शकत नाही, म्हणून ते मान टाकतं. रात्रीत भरून येतं. खरी परीक्षा सूर्य उगवायच्या आधी. तेव्हाही मान खाली असेल तर मातीत त्याच्यासाठी काही उरलेलं नाही. म्हणून लेकरं सुट्टीच्या दिवसांतसुद्धा अंधारात उठून पानं पाहायला यायची. आयांना याचं फार नवल, कारण हीच लेकरं सकाळच्या शाळेला पाणी शिंपडून उठवावी लागत. आणि आता शिंपडायला पाणीही नव्हतं.

यादी शहराचीही असते, राज्याचीही असते. फक्त ती फाटकाला लटकवलेली नसते. त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं. खेळपट्टीवर किती पाणी जातं याची चर्चा घरोघर रंगली. आमच्या क्रिकेटवेड्या पोरांना ते जिव्हारी लागलं, पण त्यातला एक म्हणाला ते मला अजून आठवतं: बरं झालं, निदान कारण तरी सांगितलं. बाकी कोणत्या वस्तीत टँकर आधी जातो, कालव्याचं पाणी कोणत्या पिकाला, कोणत्या कारखान्याला, कोणत्या गावाला शेवटी, हेही कुणीतरी ठरवतच असतं. त्या यादीतली नावं नाव असलेल्यालाही माहीत नसतात, कारणाचा रकाना कोरा असतो आणि अपील कुठं करायचं ते कुणी सांगत नाही. तुटवडा सगळीकडे असतो. आमच्या बागेत तो पाचवीतल्या मुलीच्या अक्षरात लिहिलेला होता, एवढाच फरक.

मे महिन्याच्या ९ तारखेला अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी करा-केळी पुजतात: मातीचं नवं भांडं पाण्यानं भरायचं, वर आंबा किंवा खरबूज ठेवायचं आणि गेलेल्या माणसांच्या नावानं ते पाणी द्यायचं. दुष्काळातही घरोघर केळी आली. पूर्वजांना तहानलेलं ठेवायला कुणी तयार नव्हतं. आमच्या बागेला त्याआधीच मडकी हवी होती. तोंडापर्यंत जमिनीत पुरलेलं, झिलई नसलेलं मडकं पाण्यानं भरून झाकून ठेवलं की आजूबाजूची माती कोरडी होईल तसतसं ते झिरपतं. जितकी गरज तितकंच. ही युक्ती फार जुनी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथातही तिची नोंद आहे. लोकांनी माळ्यावरचे जुने माठ आणून दिले होते, पण ते झिरपेनात. आमच्या जड पाण्यानं वर्षानुवर्षं त्यांची छिद्रं क्षारांनी बुजून गेलेली. माठ जुना झाला की पाणी गार होत नाही, त्याचंही कारण तेच. म्हणून पूजेनंतर रिकामी झालेली नवी केळी आम्हाला सोन्याच्या मोलाची. दुसऱ्या दिवशी लेकरं घरोघर गेली. पूजेचं भांडं असं मागावं का यावर थोडी कुजबुज झाली, पण एका आजींनी ती संपवली. "पाणी त्यांच्याच नावानं द्यायचं ना? मग चिंचेला पोचलं काय अन् आजोबाला पोचलं काय," म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं केळी घेऊन आल्या.

सलाइनच्या बाटल्यांचं ठिबकही करून पाहिलं. ते फार टिकलं नाही. नळीचं चाक इतकं गंमतीचं होतं की येणारं-जाणारं प्रत्येक लेकरू ते फिरवून जायचं.

कॉलेजची पोरं मे महिन्यात कमी झाली. शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात त्या वर्षी पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा चालू होती, आणि रविवारी ती पोरं तिकडे गावांत श्रमदानाला, चर खणायला जात. आम्हाला वाईट वाटलं नाही असं नाही. पण तिथं पावसाचं पाणी अडवायचं काम होतं आणि इथं मोरीचं पाणी पुरवायचं. कोणतं मोठं ते स्पष्ट होतं. ती गेल्यावर बाग जवळजवळ लेकरांची, तात्यांची आणि दोघीतिघी बायकांची झाली. वहीतल्या नोंदी तेव्हापासून अधिक नीट झाल्या, हे सांगायला हवं.

मेली ती झाडं मेलीच. गुलाबांपैकी बरेच गेले. एका पाटीचं रोप गेलं. ते ज्यांच्या वडिलांचं होतं त्यांनी पाटी काढली नाही आणि नवं रोपही लावलं नाही. कढीपत्ता सगळी काळजी घेऊनही वाळला, का ते तात्यांनाही सांगता आलं नाही. यादीत नाव नसलेलं झाड मेलं याचा लेकरांना फार राग आला, जणू झाडानं नियम मोडला होता. बहावा मात्र, दुसऱ्या बाजूच्या रस्त्यावरचे मोठे बहावे पिवळे होऊन झडून गेल्यावरही, नुसता हिरवा उभा राहिला. फुलण्याइतकं त्याचं वय नव्हतं.

रोहिणी कोरड्या गेल्या, मृगात सरी आल्या आणि लाल मखमली किडे निघाले तेव्हा लेकरांनी काडेपेट्या भरल्या. शाळा सुरू झाल्या. गाडी ऑगस्टपर्यंत येत राहिली. खरा पाऊस झाला तो सप्टेंबरच्या शेवटी, इतका की मांजरा भरून वाहू लागलं आणि लोक धरण पाहायला सहकुटुंब, डबे घेऊन गेले. बागेत गुडघाभर गवत झालं. ते काढायला कुणी आलं नाही. पाणी मुबलक झालं तशी लेकरं बागेत दिसेनाशी झाली, कशाला येतील? ठरवायचं काही उरलं नव्हतं. तात्या गावाकडे परतले होते, रब्बीला.

ऑक्टोबरात कॉलनीची सभा झाली. पाऊस चांगला झालाय, वर्गणी शिल्लक आहे, तर बागेत लॉन करावी आणि मधोमध कारंजं, असा ठराव आला. मी विरोध केला, एकटीनंच. कारंज्याला पैसे पुरले नाहीत म्हणून ते राहिलं. लॉन दिवाळीच्या आत अंथरली गेली, आणि दिसायला ती छान दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. पण धरण भरलं म्हणून नळ रोज येऊ लागला नव्हता. पुढच्या एप्रिलात फळा पुन्हा फाटकाला लागला तेव्हा यादीत पहिलं नाव लॉनचं होतं. समोर कारणाच्या जागी, आता सहावीत गेलेल्या त्या मुलीनं लिहिलं होतं: 'लावताना आम्हाला विचारलं नव्हतं.'